पहारेकऱ्याची विवेकबुद्धि

तेलाच्या विहिरी, वायुवाहिन्या आणि वीजगृहें यांवर पहारा करणाऱ्या शिपायांस मानवी हक्कांचें शिक्षण द्यावें, हा विचार गेल्या पंचवीस वर्षांत बराच रूढ झाला आहे. डिसेंबर २००० मध्यें अमेरिका व ब्रिटन येथील सरकारांनीं तेल व खाण कंपन्यांशीं आणि हक्करक्षक संस्थांशीं विचारविनिमय करून कांहीं ऐच्छिक तत्त्वें प्रसिद्ध केलीं. बळाचा उपयोग अगदीं अवश्य तेव्हांच व प्रसंगाच्या मानानें करावा, अत्याचाराचा विश्वसनीय आरोप असलेल्यांस पहाऱ्यावर नेमूं नये, शिक्षणास कंपन्यांनीं साहाय्य द्यावें, हें त्यांतील सार. हेतु स्तुत्य आहे. परंतु शिक्षणानें नेमकें काय साधतें, हा प्रश्न तेवढ्यानें सुटत नाहीं.

उदाहरणासाठीं दूर जावयास नको. १९९७ सालीं रत्नागिरी जिल्ह्यांत दाभोळ वीजप्रकल्पाविरुद्ध आंदोलन चाललें होतें. ३ जूनच्या पहांटे पोलीस वेलदूर या कोळ्यांच्या गांवांत शिरले आणि घरांत घुसून त्यांनीं स्त्रियांस मारहाण करून धरून नेलें, असें ह्यूमन राइट्स वॉच या संस्थेच्या १९९९ च्या अहवालांत नमूद आहे. प्रकल्पावरील सरकारी पोलिसांचा खर्च कंपनी देत होती, हेंही त्यांतच आहे. खर्च घेऊन जादा पोलीस देण्याची सोय १९५१ च्या मुंबई पोलीस कायद्यांतच आहे. आणि मला सारें मर्म तेथेंच दिसतें. पैसा कोणत्या तिजोरींतून येतो हें शिपायाला कळो वा न कळो, त्याच्या वरिष्ठाला तें पुरतें कळतें. वादांतील एक पक्ष पंचाचें खाणेंपिणें पाहूं लागल्यावर पंचाला सचोटीवर व्याख्यानें ऐकवून काय होणार?

म्हणून शिक्षण व्यर्थ आहे, असें मात्र मला म्हणावयाचें नाहीं. लाठी ज्याच्या हातांत असते तोही बहुधा एखाद्या शेतकऱ्याचाच मुलगा असतो. समोरच्या बाईवर हात उगारतांना त्याचें मन कचरतच नसेल असें मानण्याचें कारण नाहीं. त्या कचरण्याला कायद्याचा आधार आहे, हें त्याला सांगितलें पाहिजे. १८६० च्या दंडसंहितेंत (आणि २०२४ पासून तिच्या जागीं आलेल्या न्यायसंहितेंतही) वरिष्ठाच्या हुकुमानें जमावावर गोळी झाडणारा सैनिक निर्दोष ठरविला आहे. परंतु ही कृति कायद्याच्या आज्ञांस अनुसरून असली पाहिजे, ही अट त्या उदाहरणांतच आहे, आणि उदाहरण पाठ करणारे नेमकी तीच विसरतात. बेकायदा हुकूम नाकारणाऱ्यास शिक्षा होऊं नये, असें हवाना येथें १९९० सालीं संयुक्त राष्ट्रांच्या परिषदेनें स्वीकारलेल्या तत्त्वांतही म्हटलें आहे. हें सर्व शिपायास शिकवावेंच. मात्र शिकून हुकूम नाकारणाऱ्याची दुसऱ्या दिवशीं बदली होणार असेल, तर आपण त्याला विवेक दिला आणि तो वापरण्याची जागा काढून घेतली. यापेक्षां अज्ञान कमी क्रूर.

माझ्या मतें हे वर्ग पैसे मोजणाऱ्या व्यवस्थापकापासून आणि हुकूम देणाऱ्या अधिकाऱ्यापासून सुरू व्हावेत, आणि कोण कोणास काय देतो हें गांवकऱ्यांस वाचावयास मिळावें. पहाऱ्याची व्यवस्था लोकांपुढें उघड असावी, असें २००० च्या त्या तत्त्वांतही एक कलम आहे. सुरक्षिततेस बाध येत नसेल तर, अशी पुस्ती त्यास जोडलेली आहे. आणि बाध येतो कीं नाहीं, हें ठरविणारे पुन्हा तेच.