दिवा कोणासाठी?

दरवर्षी ऑक्टोबर संपत आला की ओळखीतलं कुणीतरी, बहुतेक नुकतंच डब्लिनला आलेलं, मला एक प्रश्न विचारतं. "सायकलला स्वस्तातला कुठला दिवा घेऊ?" पूर्वी मी एका वाक्यात उत्तर देऊन मोकळा व्हायचो. आता तसं जमत नाही. का ते सांगतो.

तुम्ही स्टॉकहोमला असाल किंवा टोरांटोला, हिवाळ्यातल्या अंधाराचं तुम्हाला नवल नसेल. डब्लिन ५३ अंश उत्तरेला आहे. २१ डिसेंबरच्या सुमारास इथे सूर्य सकाळी साडेआठ वाजून गेल्यावर उगवतो आणि दुपारी चार वाजून आठ मिनिटांनी मावळतो. म्हणजे नोकरदार माणूस जाताना अंधारात आणि येतानाही अंधारात. मी राहतो कॅसलनॉकला. कामाला जाताना फिनिक्स पार्कमधून, चेस्टरफील्ड अ‍ॅव्हेन्यूच्या कडेच्या सायकलवाटेने जातो. चार किलोमीटरचा सरळ रस्ता, दोन्ही बाजूंना झाडं, आणि गॅसचे जुने दिवे. दिसायला फार सुंदर. पण त्या दिव्यांच्या पिवळट उजेडात वाटेवरचा माणूस दिसेल याची खात्री नाही, आणि या उद्यानात हरणांचा कळप मोकळा फिरतो, तो तर नाहीच नाही.

कायद्याचं म्हणणं सोपं आहे. सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापासून सूर्योदयाआधी अर्ध्या तासापर्यंत सायकलला पुढे पांढरा किंवा पिवळा आणि मागे लाल दिवा हवा, शिवाय मागे रिफ्लेक्टर. जुलै २०१५ अखेरपासून दिव्याशिवाय पकडलं गेलं तर जागेवर ४० युरोंचा दंड. दिवा किती प्रखर असावा, हे मात्र आपलं आपण ठरवायचं.

मी ठरवलं ते असं. ऑनलाइन शोधलं, स्वस्तात सर्वांत जास्त प्रकाश कोण देतो ते पाहिलं, आणि १८ युरोंना एक दिवा मागवला. खोक्यावर ठळक अक्षरांत १००० ल्यूमेन. पहिल्या संध्याकाळी लावला आणि खूश झालो. समोरची झाडं शेंड्यापर्यंत उजळली. एवढ्या पैशांत एवढा उजेड! आपण मराठी माणसं, स्वस्तात भरपूर मिळालं की त्याचा अभिमान वेगळाच.

तिसऱ्या की चौथ्या संध्याकाळी समोरून एक वृद्ध गृहस्थ कुत्र्याला घेऊन येत होते. माझा उजेड पडताच त्यांनी डोळ्यांवर हात घेतला, बाजूला व्हायला गेले, ओल्या गवतावर पाय घसरला आणि गुडघ्यावर पडले. मी घाबरून थांबलो, त्यांना उठवलं. सुदैवाने फार लागलं नव्हतं. मी पुन्हा पुन्हा माफी मागत होतो. पँटवरचा चिखल झटकत ते शांतपणे म्हणाले, "तुमचा दिवा फारच छान आहे हो. तुम्ही कुठे आहात ते तेवढं दिसलं नाही."

आयरिश माणसाचं रागावणं हे असं असतं. पण वाक्य मनात रुतून बसलं. दिव्याखाली अंधार असं आपण म्हणतो. इथे दिव्यामागे अंधार होता, आणि त्या अंधारात मी होतो. ज्याने मी दिसावं म्हणून पैसे मोजले होते, त्यानेच मला झाकून टाकलं होतं.

इथे थोडं तांत्रिक सांगायला हवं. ल्यूमेन म्हणजे दिव्यातून सगळीकडे मिळून किती प्रकाश बाहेर पडतो त्याचं माप. तो नेमका कुठे पडतो याबद्दल ते काही सांगत नाही. एखाद्या जागी किती प्रकाश पोचला ते लक्स सांगतं. स्वस्त दिव्यांमध्ये बहुतेकदा टॉर्चसारखा गोल झोत असतो. निम्मा प्रकाश रस्त्यावर, निम्मा समोरच्याच्या डोळ्यांत आणि झाडांवर. जर्मनीत सायकलच्या पुढच्या दिव्याचा झोत मोटारीच्या डिप्परसारखा वरून कापलेला असावा, समोरच्याचे डोळे दिपू नयेत, असा नियमच आहे. तसा दिवा ल्यूमेनच्या आकड्यात कमी भरला तरी रस्ता जास्त दाखवतो, कारण प्रकाश वाया जात नाही. आकड्याच्या मोहात हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

त्या रात्री मला वडिलांची सायकल आठवली. तिला डायनामो होता. खटका दाबला की तो टायरला चिकटायचा, गुणगुणायला लागायचा, आणि पॅडल जड व्हायचं. उजेडाची किंमत पायांनी मोजावी लागायची. थांबलं की दिवा विझायचा. त्यामुळे चांदणं असलं की वडील डायनामो लावत नसत. १९८१ च्या जानेवारीत, उसाच्या हंगामात, ते रात्री सांगलीहून कवठेपिरानला घरी येत होते. पौषातलं चांदणं होतं. डायनामो बंद. एका आंब्याच्या दाट सावलीत पुढे चाललेल्या उसाच्या बैलगाडीवर मागून जाऊन धडकले. गाडीमागे टांगलेला कंदील रॉकेल संपून विझला होता. हात मोडला. गाडीवानानेच त्यांना उसावर बसवून गावात आणलं.

पुढे कितीतरी दिवस घरी येणारा प्रत्येक जण त्या गाडीवानाला शिव्या घालायचा. बिनकंदिलाची गाडी रस्त्यावर आणतात म्हणजे काय! वडील एकच उत्तर द्यायचे. "त्याच्याकडे रॉकेल नव्हतं. माझ्याकडे दिवा होता आणि मी तो लावला नव्हता." लहानपणी मला हा त्यांचा भोळेपणा वाटायचा. चूक सरळसरळ गाडीवानाची नव्हती का? आज वाटतं, चूक कुणाची हे ते ठरवतच नव्हते. ते जबाबदारी मोजत होते, आणि त्यांचं माप साधं होतं. ज्याच्याकडे जास्त उजेड, त्याच्यावर जास्त जबाबदारी.

या मापाने पाहिलं की बऱ्याच गोष्टी नीट लागतात. रस्त्यावर सर्वांत जास्त उजेड कुणाकडे? मोटारवाल्याकडे. त्याच्या दिव्यांसाठी त्याला पाय दुखवावे लागत नाहीत की रात्री चार्जिंगची आठवण ठेवावी लागत नाही. म्हणून बघण्याची सर्वांत मोठी जबाबदारी त्याची. 'सायकलवाला मला दिसलाच नाही' हे वाक्य आपण सहज ऐकून घेतो. त्यावर 'तुम्ही बघितलं होतं का?' असं कुणी विचारत नाही. दिसणं हे काम एकट्या दुर्बळावर टाकलं की बलवान सुटतो.

तुम्ही म्हणाल, मग सायकलवाल्याने दिवा नाही लावला तरी चालेल? नाही. डेन्मार्कमधल्या ओडेन्स शहरात २००४-०५ साली जवळपास चार हजार सायकलस्वारांवर एक प्रयोग झाला. त्यातल्या निम्म्यांच्या सायकलींना दिवसासुद्धा आपोआप चालू राहणारे छोटे दिवे बसवले. वर्षभरात त्यांचे इजा होणारे अपघात इतरांपेक्षा १९ टक्क्यांनी कमी भरले. ते दिवे डोळे दिपवणारे नव्हते. चाकातल्या चुंबकांवर चालणारे, मिणमिणते म्हणावेत असे. मोटारवाल्याने बघावं ही अपेक्षा खरी, आणि आपण दिसावं हे कर्तव्यही खरं. एकाने दुसरं रद्द होत नाही. फक्त पहिलं आपल्या हातात नाही, दुसरं आहे.

आता या मापावर मी स्वतः कसा उतरलो ते सांगतो, कारण ती गोष्ट फारशी भूषणावह नाही.

गणपतीच्या कार्यक्रमात बार्शीचा एक मुलगा ओळखीचा झाला होता. इथे मास्टर्स करतो. सत्र चालू असताना विद्यार्थ्यांना आठवड्याला वीस तास काम करता येतं, ते तो एका हॉटेलच्या स्वयंपाकघरात करतो आणि रात्री अकराच्या पुढे जुन्या सायकलवरून खोलीवर जातो. नोव्हेंबरात एकदा सिग्नलला भेटला. काळं जॅकेट, काळी बॅग, दिवा नाही. मी काकापणाने सुरुवात केली. "अरे, दिवा कुठे आहे? चाळीस युरो दंड आहे, माहितेय ना?"

"काका, दोनदा चोरीला गेला," तो म्हणाला. "परत घ्यायचा म्हणजे दोन तासांची मजुरी. आणि रस्त्यावर एवढे दिवे आहेत की. दिसतो मी."

मी घरी आलो आणि कपाटातून तो हजार ल्यूमेनचा दिवा काढला. मला नकोच होता, त्याला देऊन टाकावा. त्याचं भागेल, माझं कपाट मोकळं होईल आणि वर पुण्य पदरात. दिवा पिशवीत घातला आणि थबकलो. ज्या दिव्याने एका म्हाताऱ्या माणसाला पाडलं म्हणून मी तो वापरणं सोडलं, तोच आता दुसऱ्याच्या हाती देऊन रस्त्यावर पाठवत होतो. फक्त हँडलवर माझे हात नसणार होते. त्यात माझ्याकडे माहिती होती, त्याच्याकडे नव्हती. तोही एक प्रकारचा उजेडच की.

शेवटी सुपरमार्केटच्या मधल्या रांगेत, जिथे वेल्डिंगच्या मुखवट्यापासून स्कीच्या मोज्यांपर्यंत सगळं मिळतं, तिथून पुढच्या-मागच्या दिव्यांची एक छोटी जोडी घेतली. रबराच्या पट्ट्याने अडकवायची आणि सायकल लावताना काढून खिशात टाकायची. चोरीवर तेवढा एकच इलाज. त्याने ती अशी घेतली नाही. "अर्धे पैसे घ्या काका, नाहीतर मी लावणार नाही," म्हणाला. मी घेतले. ते बरंच झालं. दिवा त्याचा स्वतःचा झाला.

म्हणून आता कुणी विचारलं की मी आधी उलटा प्रश्न विचारतो. तुला रस्ता बघायचा आहे, की तू दिसायला हवा आहेस? शहरातल्या उजळलेल्या रस्त्यांवर दुसरं पुरेसं असतं, आणि त्याला लहान, स्वस्त दिवा चालतो. कालव्याकाठच्या काळोख्या वाटेने जात असशील तर रस्ता दाखवणारा दिवा हवा. दोनतीनशे ल्यूमेन पुष्कळ होतात, झोत मात्र खाली. मागचा लाल दिवा पुढच्यापेक्षा महत्त्वाचा, कारण मागून येणारं वाहन आपल्याला दिसत नसतं. शक्य असेल तर मागे दोन असावेत, म्हणजे एकाची बॅटरी गेली तरी अंधार होत नाही. त्या झगमगीत पिवळ्या जाकिटाचा पिवळेपणा दिवसा उपयोगी. तो रंग सूर्यप्रकाशातल्या अतिनील किरणांवर उजळतो. रात्री काम करतात त्यावरच्या चंदेरी पट्ट्या. आणि दोनचार युरोंच्या चमकत्या पट्ट्या घोट्यांना बांधल्या तर त्या पायांबरोबर वरखाली हलतात, आणि बघणाऱ्याला चटकन कळतं की पुढे एक माणूस आहे. नुसता ठिपका नाही, पाय असलेला माणूस. यातलं काहीच महाग नाही. महाग आहे ती रोजची आठवण. चार्ज केलं का, काच पुसली का, दिवा हलून वर तर झाला नाही ना.

माझ्या रोजच्या वाटेवर राष्ट्राध्यक्षांचं निवासस्थान लागतं. मेरी रॉबिन्सन १९९० मध्ये राष्ट्राध्यक्ष झाल्या, तेव्हा देश सोडून गेलेल्या आयरिश लोकांसाठी त्यांनी तिथल्या एका खिडकीत दिवा लावून ठेवायला सुरुवात केली. नाताळच्या आदल्या रात्री वाटसरूसाठी खिडकीत मेणबत्ती ठेवण्याची या देशातली जुनी रीत त्यामागे आहे. दूर गेलेल्या माणसाच्या आठवणीसाठी लावलेला दिवा परदेशी राहणाऱ्या आपल्याला समजावून सांगावा लागत नाही. तो दिवा घरातल्या कुणाला काही दिसावं म्हणून नाही. त्याची प्रखरता कधी कुणी विचारली असेल असं वाटत नाही. बाहेरच्या माणसाचा विचार करून तो लावला आहे, एवढ्याने तो पुरेसा होतो.

तुम्ही सायकल चालवत असाल तर आज संध्याकाळी एक करून बघा. दोन्ही दिवे लावून सायकल भिंतीला टेकवून उभी करा. वीस पावलं चालत पुढे जा, वळा, आणि समोरून येणाऱ्या माणसाच्या जागी उभं राहून आपल्या दिव्याकडे बघा. डोळे मिटावेसे वाटले तर परत जा, दिवा थोडा खाली करा आणि पुन्हा येऊन बघा. मग मागच्या बाजूने तेच. मी आता दर रविवारी करतो. पाच मिनिटं लागतात. शेजारी खिडकीतून बघतात आणि हा माणूस स्वतःच्या सायकलपासून सारखा लांब का जातो म्हणून हसत असावेत. हसू द्या.