वडिलोपार्जित ठेव कोणाची?

नरडाण्याच्या शिवारात बापाची जमीन लेकरांत वाटली जाते, आणि दोन पिढ्यांत बांध फार व रान थोडे अशी स्थिती येते. तेव्हा पूर्वजांनी राखलेले धन जसेच्या तसे सांभाळावे, की ते धोक्यात घालण्याचा मुलास अधिकार आहे?

वाकोद येथील शेतकरी घराण्यातील भवरलाल जैन (१९३७–२०१६) यांनी १९६३ साली तीन पिढ्यांची शिल्लक, अवघे ७००० रुपये, जळगावी रॉकेलच्या व्यापारात घातली. ती बुडाली असती तर आजोबांचे कष्टही बुडाले असते! हे धाडस आम्हांस सहजासहजी स्तुत्य म्हणवत नाही. तथापि तो पैसा फिरून शेतीकडेच आला : १९७८ साली पपईच्या चिकापासून पपेन, पुढे ठिबक सिंचन, केळीची रोपे. मागाहून पुत्रांकडे कारभार आला, तसा कर्जाचा भारही आला. २०१९ साली हप्ते थकले.

आता ज्याच्या पदरी दोनच बिघे आहेत तो ते विकून दुकान घालू पाहतो, तर त्याने आधी कोणास पुसावे? आमच्या मते घरच्या बायकांस व लेकींस. २००५ च्या कायद्याने एकत्र हिंदू कुटुंबात लेकीही वाटेकरी झाल्या आहेत. इतरांच्या घरी तरी त्यांस न पुसता अंगठा का उठावा?