देवाचें शिंग किती घांसावें?

उत्सव जवळ आला कीं देवळांतील समया, निरांजनें, घंटा यांच्याबरोबर शिंग आणि कर्णा हींहि चिंच लावून घांसावयास काढण्याची चाल आपल्याकडे जुनी आहे. डिचोली हा तर कांसारांच्या हातोड्याचा गांव. येथील समयांची कीर्ति सबंध गोमंतकांत आहे. तेव्हां पितळेचा लखलखाट ही भक्तीचीच खूण वाटावी, यांत नवल नाहीं. परंतु समई आणि शिंग यांना एकच न्याय लावावा काय, हा प्रश्न दिसतो तितका क्षुल्लक नाहीं.

पितळ म्हणजे तांबें आणि जस्त यांचें मिश्रण. कल्हई उडालेल्या पितळी भांड्यांत ताक राहिलें तर तें कळकतें, हें प्रत्येक गृहिणी जाणते. आंबट पदार्थ धातूला खातो. चिंचेनें पितळ उजळतें तेंहि याच गुणामुळें. आणि आंबट नीट धुतलें नाहीं तर जस्त निघून जाऊन तांबूस डाग उमटतात. राख वा विटेची पूड यांनीं घांसलें कीं काळिम्याबरोबर थोडी धातूहि जाते. समई जाड, ओतीव. ती पिढ्यान्‌पिढ्या हें सोसते. शिंग पातळ पत्र्याचें. तें झिजत गेलें म्हणजे सहज पोचतें, सांध्यांतून वारा निसटतो, आणि नाद बिघडतो. कांठावर कोणा दात्यानें वडिलांच्या स्मरणार्थ कोरविलेलीं अक्षरें तर त्याच्याहि आधीं पुसलीं जातात. एकाची सेवा दुसऱ्याचें दान पुसून टाकते, आणि दोघेहि निर्मळ मनाचे! दोष कोणाचा म्हणावा?

देवाची वस्तु झळाळलीच पाहिजे, असें म्हणणारा गर्वानें म्हणत नाहीं. पालखीपुढें मळकट शिंग धरणें त्याला दैन्य वाटतें, आणि तें मलाहि वाटतें. पण शिंगाचा खरा शत्रु आंत असतो. फुंकणाऱ्याच्या श्वासांतील वाफ नळींत निवून तिचें पाणी होतें, त्यांत लाळ मिसळते, आणि तें तसेंच राहिलें तर हिरवट जंगाल चढतो. हा जंगाल विषारी. वादकाचे ओंठ मात्र नित्य तेथेंच टेकावयाचे. म्हणून वाजवून झाल्यावर शिंग कलतें करून पाणी निथळावें, दोरीला बांधलेली मऊ कापडाची पट्टी नळींतून ओढून घ्यावी, मुखाकडील भाग कोमट पाण्यानें धुऊन पुसावा. हें सारें रात्रीं, पालखी आंत गेल्यावर, मंडळी प्रसादाला बसलेली असतांना करावयाचें. तें कोणाला दिसत नाहीं, आणि जमाखर्चांतहि येत नाहीं. चकाकी आणणाऱ्या बाटलीचा खर्च मात्र येतो! ती बाटली आणण्यापूर्वीं वादकाला विचारण्याची पद्धत कितीशा देवस्थानांत असेल?

सोळाव्या शतकांत दिवाडी बेटावरील देऊळ मोडल्यावर श्रीसप्तकोटेश्वर नदीपार आपल्या तालुक्यांतील नार्व्यास आला, आणि शिवाजी महाराजांनीं १६६८ सालीं त्याच्या देवालयाचा जीर्णोद्धार केला. ज्यांनीं संकटांत देव वाहून आणला त्यांना शोभेचा विचार करण्यास सवड नव्हती. तो पुढच्यांच्या हातीं पोंचावा, एवढेंच त्यांनीं पाहिलें. देवाच्या वाद्यावर आपला अधिकारहि तेवढाच, विश्वस्ताचा. आपल्या डोळ्यांच्या समाधानासाठीं पुढच्या पिढीच्या वाट्याचा पत्रा झिजविणें या अधिकारांत बसत नाहीं, असें माझें मत आहे.

यावर घांसणें अजिबात वर्ज्य करा, असें कोणी समजूं नये. मुख्य उत्सवापूर्वीं एकदां हलक्या हातानें चिंच लावावी, लगेच भरपूर पाण्यानें धुवावें आणि आंतबाहेर कोरडें करावें. एरव्हीं कोरडें फडकें पुरे. बाजारांतील कांहीं द्रव्यांत अमोनिया असतो व तो पितळेला तडे आणूं शकतो, म्हणून वेष्टणावरील मजकूर वाचावा. पोचा आला तर वादकाला बरोबर घेऊनच कांसाराकडे जावें. आणि आपल्या पावसाळ्यांत शिंग प्लास्टिकच्या पिशवींत बांधून ठेवूं नये, ओल आंतच कोंडते. सुती कापडांत गुंडाळून भिंतीपासून दूर, फळीवर ठेवावें.