साक्षी, प्रेक्षक आणि परमुलखातले लग्न

१

विवाहविधीचा विचार आपल्याकडे मुख्यतः धर्मशास्त्र, समाजशास्त्र आणि कायदा या तीन अंगांनी झालेला आहे. साहित्यविचाराच्या अभ्यासकाने त्यात लक्ष घालण्याचे कारण काय, असे कोणी विचारील. एक कारण असे, की विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात भाषेच्या तत्त्वज्ञानात आणि त्यामागोमाग साहित्यसिद्धांतात जे मोठे स्थित्यंतर घडले, त्याच्या आरंभी लग्नातले एक वाक्य उभे आहे. शिवाय ते वाक्य उदाहरणादाखल घेणारा तत्त्वज्ञ इंग्रज होता आणि तो बोलत होता अमेरिकेत.

१९५५ साली ऑक्सफर्डचे जे. एल. ऑस्टिन यांनी हार्वर्ड विद्यापीठात विल्यम जेम्स व्याख्याने दिली. त्यांच्या मृत्यूनंतर, १९६२ साली, ती ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. काही विधाने वस्तुस्थितीचे वर्णन करीत नाहीत, ती उच्चारणे हीच एक कृती असते, हा ऑस्टिन यांचा सिद्धांत आता सर्वपरिचित आहे. त्याचे पहिलेच उदाहरण म्हणून त्यांनी लग्नात वधूवरांनी म्हणावयाचे 'आय डू' हे शब्द घेतले. हे शब्द लग्नाची हकीकत सांगत नाहीत. त्यांच्या उच्चाराने लग्न लागते. या ठिकाणी संपादक अर्म्सन यांनी एक तळटीप जोडली आहे. विवाहविधीत हे शब्द नाहीत ही गोष्ट ऑस्टिन यांच्या ध्यानात आली, पण तोवर दुरुस्तीची वेळ निघून गेली होती, असा तिचा आशय आहे. इंग्लंडच्या चर्चच्या १६६२ च्या प्रार्थनापुस्तकात वधूवरांचे उत्तर 'आय विल' असे आहे. 'आय डू' हा प्रयोग अमेरिकेतील लग्नांतून आणि चित्रपटांतून जगभर रूढ झालेला आहे.

उदाहरण चुकले म्हणून सिद्धांत ढासळत नाही. तरीही ही चूक एका मोठ्या प्रश्नाकडे बोट दाखवते. उच्चारलेले शब्द नेमके कोणते, यापेक्षा ते कोणासमोर उच्चारले गेले याला विवाहात अधिक महत्त्व आहे काय? भाषिक कृती सफल होण्यासाठी रूढ पद्धती, योग्य व्यक्ती, यथासांग आचरण आणि प्रामाणिक हेतू अशा अटी ऑस्टिन यांनी सांगितल्या; साक्षीदाराचा वेगळा निर्देश त्यांत नाही. ती उणीव १९९० च्या दशकात ईव्ह सेजविक यांनी पुढे आणली. लग्नात नुसते हजर राहणे हीच एक मूक संमती ठरते, हा त्यांचा आक्षेप होता. प्रस्तुत लेखात या साक्षीदाराचाच विचार करावयाचा आहे. जो माणूस आपला मुलूख सोडून दूर जातो आणि तेथे लग्न करतो, त्याचा साक्षी कोण, हा येथला प्रश्न आहे.

२

पुणे जिल्ह्याच्या इंदापूर तालुक्यातील शेळगाव हे बारामती–इंदापूरच्या ऊसपट्ट्यातले, वालचंदनगरच्या परिसरातले गाव. या टापूत लग्नाचे आवतण माणसाला नसते, चुलीला असते. 'घरटी एक' किंवा 'चूलबंद' असे ते मोजले जाते. सुपारी फुटल्यापासून वरातीपर्यंत भावकीला, सोयऱ्यांना आणि बलुत्याच्या नात्याने जोडलेल्या घरांना ठरावीक कामे आणि ठरावीक मान असतो. लग्न लागताना प्रत्येकाच्या मुठीत अक्षता असतात आणि मंगलाष्टकाच्या शेवटी त्या प्रत्येकाने टाकावयाच्या असतात. आता लग्ने रस्त्याकडेच्या मंगल कार्यालयांतून होतात, जेवणावळीची जागा बुफेने घेतली आहे. पण आवतणाचे गणित आणि मुठीतल्या अक्षता मात्र तशाच आहेत. ज्याने अक्षता टाकल्या तो उद्या त्या लग्नाविषयी काही विचारू शकतो, आणि त्यालाही काही विचारले जाऊ शकते. मांडवाला दार नसते, ही गोष्ट या दृष्टीने अर्थपूर्ण आहे.

इंग्लंडच्या कायद्याने हीच गोष्ट निराळ्या भाषेत सांगितली आहे. तेथील १९४९ च्या विवाह कायद्यानुसार नोंदणीकृत प्रार्थनास्थळातील विवाह दारे उघडी ठेवून आणि दोन साक्षीदारांसमक्ष व्हावा लागतो. इंग्लंडमध्ये अधिकृतता मुख्यतः जागेची असते. हॉटेले आणि जुने वाडे यांना अशी मान्यता मिळण्याची सोयही १९९४ च्या दुरुस्तीने झाली. अमेरिकेत ती अधिकृतता जागेला चिकटलेली नाही, लग्न लावणाऱ्या व्यक्तीला चिकटलेली आहे. म्हणून तेथे लग्न समुद्रकिनारी, परसात, कोठेही लागू शकते, आणि अनेक राज्यांत वराचा मित्रही तेवढ्यापुरती पुरोहितपदाची सनद घेऊन ते लावू शकतो. साक्षीदार काही राज्यांत एक किंवा दोन लागतात, काही राज्यांत एकही लागत नाही. आपल्याकडे १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याचे सातवे कलम अधिकृतता रूढ विधीला देते, तर १९५४ चा विशेष विवाह कायदा तीन साक्षीदार मागतो. थोडक्यात, जागा, व्यक्ती, विधी आणि भावकी ही लग्नाला आधार देणारी चार निरनिराळी स्थाने आहेत. परमुलखात गेलेला माणूस यांतल्या एका स्थानावरून उठून नकळत दुसऱ्यावर जाऊन बसतो.

अमेरिकेत राहणाऱ्या इंग्रजाची स्थिती या संदर्भात विशेष पाहण्यासारखी आहे. तो परका आहे हे त्याला भाषा सांगत नाही, उलट ती ते लपवते. 'क्वाइट गुड' या शब्दांचा अर्थ त्याच्या तोंडी 'बरे आहे' एवढाच असतो. समोरच्या अमेरिकन माणसाला तो 'फार छान' असा ऐकू येतो. लग्नात नवरदेवाच्या पाठराख्या मित्राने भाषणात नवरदेवाची यथेच्छ टवाळी करावी हा इंग्रजी संकेत आहे. ती टवाळी हेच मैत्रीचे प्रमाणपत्र. या संकेताबाहेरचा श्रोता शब्दन्‌शब्द समजूनही अवघडून बसण्याचा संभव असतो. मुख्य विधीला काही पाहुणे आणि संध्याकाळच्या समारंभाला आणखी काही, अशी इंग्लंडातली सर्रास वाटणी अमेरिकन पाहुण्याला कमीपणाची वाटू शकते. एक भाषा असणे आणि एका संकेतव्यवस्थेत असणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे या माणसाला आपल्या लग्नात कळते, कारण रोजच्या व्यवहारात निभावून गेलेले अंतर तेथे उघडे पडते.

३

मराठी माणसाला ही फसगत परवडत नाही. अमेरिकेत गेल्यावर आपण परके आहोत हे त्याला पहिल्या दिवशीच कळलेले असते. १९६५ च्या अमेरिकन कायद्याने राष्ट्रवार कोट्याची जुनी पद्धत मोडली आणि त्यानंतर मराठी कुटुंबे तेथे मोठ्या संख्येने स्थिरावली. १९८१ साली बृहन्महाराष्ट्र मंडळ स्थापन झाले. या कुटुंबांतील मुलांच्या लग्नांना आता एक ठरीव आकार आलेला दिसतो. कायदेशीर नोंद आधीच काउंटीच्या कचेरीत झालेली असते. मुहूर्त सभागृहाच्या उपलब्धतेवर आणि शनिवार-रविवारवर ठरतो, आणि होमाची ज्वाला आगीच्या नियमांत बसेल एवढीच ठेवावी लागते. पाहुण्यांच्या हाती एक छापील पत्रिका दिली जाते. अंतरपाट म्हणजे काय, सप्तपदीतले प्रत्येक पाऊल कशासाठी, हे तीत इंग्रजीत समजावलेले असते.

न्यू जर्सीतल्या अशाच एका लग्नाची चित्रफीत शेळगावात माझ्या एका चुलतीला दाखवण्याचा प्रसंग माझ्यावर आला होता. फुलांची आरास, भरजरी पोशाख, सारे तिने कौतुकाने पाहिले. मग तिने विचारले, ''ह्यातलं आपलं कोण रं?'' मी तीन-चार चेहरे दाखवले. ती म्हणाली, ''आन् बाकीची? उद्या पोरीला काय झालं तर ह्यातलं कोण उठून येनार?'' मी पत्रिकेविषयी सांगू लागलो, की पाहुण्यांना सगळा अर्थ समजावून दिला होता. तिला तो मुद्दा गैरलागू वाटला, आणि विचार करता तो गैरलागू होताच.

कारण असे, की शेळगावच्या मांडवात बसलेल्यांना तरी मंत्रांचा अर्थ कोठे कळतो? संस्कृत त्यांना अगम्यच असते. अर्थाच्या आकलनाने साक्षी घडत असता, तर पत्रिका वाचलेला न्यू जर्सीचा पाहुणा शेळगावच्या शेतकऱ्यापेक्षा श्रेष्ठ साक्षी ठरला असता. तसे घडत नाही. पत्रिका प्रेक्षक घडवते. तो जाणता असतो, सहृदयही असतो, पण प्रयोग संपला की त्याचे काम संपते.

आपल्या परंपरेत 'साक्षी' या शब्दाला दोन परस्परविरोधी छटा आहेत. पाणिनीने हा शब्द 'प्रत्यक्ष पाहणारा' या अर्थी सिद्ध केला आहे. सांख्यांनी पुरुषाला साक्षी म्हटले ते तो अकर्ता आणि मध्यस्थ आहे म्हणून; पाहणे आणि अलिप्त राहणे त्यांच्या लेखी एकत्र नांदते. व्यवहारातला, न्यायसभेतला साक्षी मात्र पाहिल्यामुळेच बांधला जातो. बोलावले तर त्याला यावे लागते. काव्यशास्त्राने रसिकाला पहिल्या साक्षीच्या जवळ नेले. तेथे तटस्थतेतूनच आस्वाद शक्य होतो. लग्नाला दुसरा साक्षी लागतो.

येथे एक आक्षेप संभवतो. आकलनाला काहीच किंमत नसेल, तर महात्मा फुले यांनी एवढा खटाटोप का केला? सप्टेंबर १८७३ मध्ये सत्यशोधक समाज स्थापन झाला आणि त्याच वर्षी २५ डिसेंबरला पहिला सत्यशोधक विवाह पुरोहिताशिवाय लावला गेला. फुल्यांच्या मंगलाष्टकांत वधूवर मराठीत एकमेकांशी बोलतात. वधू हक्क मागते आणि वर वचन देतो. परंतु फुल्यांचा आग्रह मुळात वधूवरांच्या आकलनाविषयीचा होता, ही गोष्ट निसटू देता कामा नये. जे बांधून घेतात त्यांना आपण कशाने बांधले जातो हे कळलेच पाहिजे. साक्षीकडून अपेक्षा वेगळी आहे, ती उत्तरदायित्वाची. परमुलखातल्या लग्नात या दोन अपेक्षांची गल्लत होते. पाहुण्यांना अर्थ समजावला म्हणजे ते साक्षी झाले, असा समज करून घेतला जातो.

४

इथवरच्या विवेचनावरून गावची साक्ष खरी आणि परदेशातली खोटी असा निष्कर्ष कोणी काढू नये. गावच्या साक्षीचा इतिहास स्वच्छ नाही. हुंडाबंदीचा कायदा १९६१ साली झाला, तरी मांडवात मागण्या वाढत गेल्या आणि भावकीने त्या ऐकून घेतल्या. वधूचे वय कमी असल्याचे ठाऊक असूनही अक्षता पडल्या आहेत. जातीबाहेर लग्न करणाऱ्या मुलीकडे हीच साक्ष शिक्षेच्या रूपाने आलेली आहे. सेजविक यांचा आक्षेप येथे तंतोतंत लागू पडतो. मूक उपस्थिती ही अन्यायालाही संमती देते.

शिवाय दार नसलेल्या मांडवातही सगळे मोजले जात नाहीत. ऊसतोडीच्या हंगामात बीडकडून आलेली कुटुंबे या टापूत महिनोन्‌महिने कोप्या करून राहतात. ती मराठीच बोलतात. नवराबायकोची जोडी हिशेबात 'एक कोयता' म्हणून धरली जाते आणि त्यावर उचल मिळते. पण गावच्या चुलींच्या मोजणीत या चुली येत नाहीत. अमेरिकेतील इंग्रजाला दारिद्र्य सोसावे लागत नाही, म्हणून दोघांची तुलना फार ताणू नये. तरी भाषा एक असूनही आवतणाबाहेर असणे म्हणजे काय, हे शेळगावकराला समजून घेण्यासाठी अटलांटिक ओलांडण्याची गरज नाही.

म्हणून परमुलखात जाणे ही काही जणांच्या बाबतीत सुटकाही असते. जी साक्ष जात विचारते, तिच्यापासून दूर जाऊन दोघांनी एकमेकांना निवडावे, यात नैतिकदृष्ट्या गैर काही नाही. प्रश्न त्यापुढचा आहे. जाचक साक्षीपासून सुटका करून घेतलेल्या माणसाने साक्षीपासूनच सुटका करून घ्यावी काय?

५

या प्रश्नाचे सर्वांत जुने साहित्यरूप म्हणजे शकुंतलेची कथा. महाभारतातल्या आदिपर्वात दुष्यंताला सारे आठवत असते. तरी तो शकुंतलेला नाकारतो आणि आकाशवाणी झाल्यावरच स्वीकारतो. लोकांना शंका राहू नये म्हणून आपण असे केले, असे तो सांगतो. कालिदासाने शाप आणि अंगठी आणून राजाचा दोष हलका केला. परंतु त्याच्या नाटकातली एक साधी गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते. गांधर्वविवाहाविषयी प्रथमपासून जाणणाऱ्या दोन मैत्रिणी, अनसूया आणि प्रियंवदा, शापही जाणत असतात. चौथ्या अंकात शकुंतला सासरी निघते तेव्हा त्यांनी सोबत जाण्याची गोष्ट निघते. त्यांचीही लग्ने व्हावयाची आहेत, त्यांनी तेथे जाणे योग्य नाही, असे म्हणून कण्व त्यांना मागे ठेवतात. पाचव्या अंकात राजसभेत शकुंतलेकडे पुरावा मागितला जातो तेव्हा सोबत गौतमी आणि कण्वाचे शिष्य असतात. ज्यांनी सारे पाहिले त्या दोघी आश्रमात असतात. परमुलखातल्या लग्नाचे मर्म येथे आहे. लग्न खरे असते, पण त्याचे साक्षी मागे राहिलेले असतात.

ही केवळ काव्यातली गोष्ट नाही. भारतात थाटाने लग्न लावून परदेशी नेलेल्या, किंवा न नेताच सोडून दिलेल्या स्त्रियांच्या तक्रारींनी गेल्या काही दशकांत मोठे रूप धारण केले आहे. १९९४ साली सर्वोच्च न्यायालयाने अशाच एका खटल्यात, भारतात झालेला असा विवाह परदेशी न्यायालयाला रद्द करता येऊ नये यासाठी कायदा करण्याचा विचार व्हावा, असे सुचवले. २००९ साली राष्ट्रीय महिला आयोगात या तक्रारींसाठी स्वतंत्र कक्ष सुरू झाला. या स्त्रियांच्या लग्नात अक्षता टाकणारे शेकडो होते. पण ज्या शहरात त्यांना एकटे सोडले गेले तेथे दार ठोठावणारा त्यांतला एकही नव्हता. आणि तेथले जे शेजारी होते त्यांनी अक्षता टाकलेल्या नव्हत्या. शेळगावच्या बाईने चित्रफीत पाहून विचारलेला प्रश्न आणि न्यायालयापुढे आलेला प्रश्न एकच आहे.

यावर उपाय म्हणून गाव विमानात घालून नेता येणार नाही, आणि तसा नेऊही नये. जो आपला मुलूख सोडतो त्याला साक्षी वारशाने मिळत नाहीत, ते त्याला मागावे लागतात. हे मागणे पाहुण्यांना अर्थ समजावण्याहून अवघड आहे. 'उद्या मी हिच्याशी वाईट वागलो, तर मला जाब विचारण्याचा अधिकार मी तुम्हांला देतो,' असे निदान चार माणसांना म्हणावे लागते, आणि त्या चौघांनी तो भार पत्करावा लागतो. फुल्यांच्या मंगलाष्टकांत वराने वधूला वचन दिले. परमुलखातल्या लग्नात तसेच एक वचन पाहुण्याकडूनही घेतले जावे. तो कोणत्या जातीचा, देशाचा वा भाषेचा आहे, याने काही बिघडत नाही. ऑस्टिन यांचे शब्द चुकले तरी चालले, मंत्रातला शब्द चुकला तरी लग्न लागते. बोलावल्यावर उठून येणारा माणूस नसेल, तर लागलेले लग्नही त्या दोघांपैकी दुबळ्या बाजूला एकटे सोडते.