हळू, अजून हळू

आज गीता, अध्याय 6, श्लोक 25. धीर धरलेल्या बुद्धीने मन हळूहळू आत वळवावं, असं भगवान सांगतात. हे 'हळूहळू' मला पटलं ते अमेरिकेत, युटामधल्या मोआबच्या लाल खडकांवर, मित्राच्या भल्यामोठ्या पिकअप ट्रकमध्ये बसून. (हसू नका!)

तिथल्या चढावर वाटतं, जोरात अ‍ॅक्सिलरेटर दाबला की गाडी वर. होतं उलटंच. चाकं जागीच फिरतात, गाडी उसळते, काहीतरी तुटतं. म्हणून आधी टायरमधली हवा कमी करायची. मऊ टायर खडकाला धरून राहतो. मग फोर-व्हील-ड्राइव्हचा लो गिअर आणि आपल्या चालण्याइतकाच वेग. लांब गाडीचं पोट खडकावर टेकतं, त्यामुळे मोठा दगड चाकांच्या मधे घ्यायचा नाही, चाक त्याच्यावरच चढवायचं. माथ्यावर तर समोर फक्त बॉनेट आणि आकाश! तेव्हा खाली उतरून पुढे उभ्या राहिलेल्या साथीदाराचा हात बघायचा. आपल्याला वाट दिसत नाही, त्याला दिसते. गुरूवर विश्वास म्हणजे काय, यावर मी किती वाचलंय, कळलं तिथे.

परवा एक मैत्रीण म्हणाली, "जपाला बसले की ऑफिसच आठवतं. सोडून देऊ का?" अगं, चाक घसरलं म्हणून कोणी गाडी तिथेच टाकून येतं का? ब्रेक, थोडं मागे, परत त्याच दगडावर. 26 वा श्लोक हेच सांगतो: मन जिथे पळेल तिथून परत आणायचं. उद्या 108 नको, 11 वेळाच नाम घे. पण सावकाश.