कोमट
वचन : प्रकटीकरण ३ : १४-२२



इंग्रजी भाषेंत कोमट या अर्थाचा ‘ल्यूकवॉर्म’ असा शब्द आहे. तो ऐकून कोणास शुभवर्तमानकार लूक आठवेल. परंतु त्याच्याशीं या शब्दाचा कांहीं संबंध नाहीं. मध्ययुगीन इंग्रजींत ‘ल्यूक’ म्हणजेच कोमट. जर्मन ‘लाउ’ हा त्याचा भाऊबंद. चौदाव्या शतकाच्या सुमारास त्यास ‘वॉर्म’, म्हणजे ऊन, हा शब्द जोडला गेला. टिंडेलच्या १५२६ च्या भाषांतरांत आपल्या वचनांत ‘दोहोंच्या मधला’ अशा अर्थाचे शब्द होते; १६११ च्या भाषांतरांत ‘ल्यूकवॉर्म’ आहे. मूळ ग्रीक शब्द ‘ख्लिआरोस’ नव्या करारांत या एकाच ठिकाणीं येतो.

प्रभूनें हा शब्द लावदिकीया येथील मंडळीस लाविला. आजच्या तुर्कस्थानांत देनिझली शहराजवळ त्या नगराचे अवशेष आहेत. तेथून सुमारें सहा मैलांवर हेरापली. तेथें उन्ह पाण्याचे झरे असून दुखणाईत लोक स्नानास जात. दुसऱ्या बाजूस कलस्सै. तेथील पाणी थंडगार. लावदिकीयेस मात्र पाणी दुरून दगडी नळांनीं आणावें लागे. त्या नळांत बसलेलीं चुन्याचीं पुटें अद्याप दिसतात. हें क्षारयुक्त, कोमट पाणी प्रभूच्या मनांत असावें, असें पुष्कळ पंडितांचें मत आहे.

तर मग ‘थंड’ म्हणजे अविश्वासी, असेंच समजण्याचें कारण नाहीं. दुपारीं शेतांतून आलेल्या मनुष्यास माठांतील गार पाणी जीव देतें. थकलेल्या पायास ऊन पाण्याचा शेक आराम देतो. दोन्ही उपयोगी. कोमट पाणी ना तहान भागवी, ना दुखणें हरी.

ती मंडळी कोमट कां झाली? तिला कशाची उणीव वाटेना. इ. स. ६० मध्यें भूकंपानें नगर पडलें, तेव्हां नगरवासीयांनीं रोमी सरकारच्या मदतीवांचून तें पुन्हां बांधलें. असा अभिमान मंडळींतही शिरला, आणि ज्याची तिला खरी गरज होती तोच दाराबाहेर राहिला.

बंधूंनो, आपण उपासनेस येतों, गीतें गातों, दानही टाकतों. परंतु शेजारचें घर दुःखांत असतां आपल्यापासून त्यास गारवा मिळतो काय? भांडलेले दोघे भाऊ आपल्यामुळें बरे होतात काय? नसेल, तर आपली भक्ति कोणत्या पाण्यासारखी आहे, हें ज्यानें त्यानें आपल्या मनाला विचारावें.

तथापि निराश होऊं नका. ज्यांस प्रभूनें इतकें कठोर वचन ऐकविलें, त्यांच्याच दाराशीं तो उभा राहून ठोकीत आहे. ज्याच्यावर प्रीति नाहीं त्याचें दार कोण ठोकील? कडी आंतून आहे. ती आजच काढा. आमेन.