नकाशावरचा पांढरा रंग

भारतीय सर्वेक्षण विभागाच्या एका इंचाला एक मैल प्रमाणाच्या जुन्या नकाशांत शेती पिवळी, वन हिरवं आणि यांपैकी काहीच नसलेली जमीन पांढरी. नगर जिल्ह्यातल्या पारनेरच्या उघड्याबोडक्या माळांच्या वाट्याला हा पांढरा रंग आला. एरवी हे नकाशे फार प्रामाणिक आहेत. दर पन्नास फुटांना एक तपकिरी समोच्च रेषा. पाण्याचा प्रवाह निळा, तर कोरड्या ओढ्याला काळी रेघ. मोजणीचं प्लेन टेबल घेऊन उन्हातान्हात दऱ्या पालथ्या घालणाऱ्यांचं हे काम पाहताना मला आजही आदरच वाटतो.

पण याच पारनेर तालुक्यात ढवळपुरी आहे. मानवशास्त्रज्ञ कैलाश मल्होत्रा आणि परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांनी इथल्या धनगरांचा अभ्यास केला होता. दख्खनी मेंढीला चिखल आणि संततधार सोसत नाही, म्हणून पावसाळा या कमी पावसाच्या माळावर काढायचा आणि पाऊस सरला की वाडा, म्हणजे मेंढ्यांसह अख्खा तळ, पश्चिमेकडे, थेट घाटाखालीही न्यायचा. वाटेत शेतकरी रात्री शेतात मेंढ्या बसवतात. खताच्या बदल्यात धान्य किंवा पैसे देतात. ही सगळी व्यवस्था त्या पांढऱ्या रंगावर उभी होती आणि नकाशात तिची खूणही नाही.

याउलट अमेरिकेतल्या युटा, अॅरिझोनाच्या रखरखीत दऱ्यांच्या जुन्या नकाशांवर रँच, गुरं कोंडायची आवारं, पवनचक्क्या, झरे दाखवलेले आढळतात. ते पशुपालन बहुतांशी कुंपणाचं, एका जागेशी बांधलेलं. आमचं चालतं. नकाशा जागच्या जागी राहणाऱ्याचीच दखल घेतो, असं मला वाटतं.

एवढ्यावर थांबलं असतं तर गोष्ट वेगळी होती. पण रिकामी दिसणारी जमीन कागदोपत्री पडीक ठरते आणि पडीक जमिनीचं काहीतरी करायचं असतं. याच जिल्ह्यातल्या राळेगण सिद्धी, हिवरे बाजारने उताराच्या समान उंचीवर चर खणून पाणी जिरवलं, ते मोठंच काम. हिवरे बाजारच्या पंचसूत्रीत मात्र चराईबंदीही होती. गावाला गवत मिळालं, ते कापून गुरांना घालता आलं. बाहेरून येणाऱ्या वाड्याने कुठे जावं, हा प्रश्न गावाच्या शिवेबाहेर राहिला. जिल्ह्यातल्याच कर्जतजवळच्या रेहेकुरीत काळविटांसाठी १९८० साली अभयारण्य झालं, तेही अशाच माळावर. म्हणजे माळाची किंमत आपल्याला कळते. मेंढपाळाची कळायची आहे.

आता उपग्रहावरून नकाशे होतात. त्यांत वाड्यांच्या वाटा, पाणवठे, मुक्कामाची शेतं नोंदवणं अवघड नाही. ढवळपुरीच्या जुन्या मेंढपाळांना विचारलं तर घाटापर्यंतचा एकेक मुक्काम ते सांगतील, आणि त्यातला कोणता आता बंद झालाय तेही.